बॉबी, बाबूजी आणि खिशातला पडदा

कोणत्याही तालुक्याच्या गावी आज कोपरासभा भरते तेव्हा एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. वक्ता बोलावयास उभा राहतो आणि समोरचे निम्मे हात वर जातात. हात वर गेले म्हणून ठराव मंजूर झाला असे कोणी समजू नये. ते मोबाइल धरण्यासाठी वर गेलेले असतात. भाषण फारसे कोणी ऐकत नाही, पण ते प्रत्येकाजवळ जपून ठेवलेले असते. सभा संपण्यापूर्वी तिचे छायाचित्र जिल्ह्याच्या पुढाऱ्याकडे पोहोचते, त्याच्याकडून उलट टपाली उंचावलेला अंगठा येतो आणि सभा यशस्वी झाल्याची नोंद होते. कॅमेरा कोठे धरला असता चाळीस माणसे चारशे दिसतात ही विद्या सर्व पक्षांच्या कार्यकर्त्यांनी सारख्याच निष्ठेने आत्मसात केली आहे. विचारसरणींत कितीही अंतर असले तरी या एका बाबतीत राष्ट्रीय एकात्मता पूर्ण झाली आहे.

ही केवळ थट्टेची बाब असती तर तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु माणसे एका ठिकाणी का जमतात, जमली तर एकमेकांकडे पाहतात की हातातल्या काचेकडे, आणि ती काच कोणाच्या मालकीची असते, हे प्रश्न लोकशाहीच्या मुळाशी जाणारे आहेत. राज्यकर्त्यांना त्यांचे महत्त्व कार्यकर्त्यांच्या आधी कळले होते, हे इतिहासावरून दिसते.

6 फेब्रुवारी 1977 हा रविवार या दृष्टीने आठवावा असा आहे. निवडणुका जाहीर झाल्या होत्या, आणीबाणी शिथिल झाली होती, पण उठली नव्हती. बाबू जगजीवनराम चारच दिवसांपूर्वी सरकारातून बाहेर पडले होते आणि दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांच्यासमवेत त्यांची सभा होती. दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी चित्रपट दाखविण्याची प्रथा होती आणि ते चित्रपट बहुधा जुने, प्रेक्षकांनी पूर्वीच पाहून संपविलेले असत. त्या रविवारी मात्र सरकारला एकाएकी तरुणांची कणव आली आणि 1973 साली देशभर गाजलेला राज कपूर यांचा ‘बॉबी’ दाखविण्यात आला. हेतू उघड होता. दिल्लीकरांनी ऋषी कपूर आणि डिंपल कपाडिया यांच्या प्रेमकथेत रमावे आणि मैदान ओस पडावे. मैदान ओस पडले नाही. ते भरून वाहिले. बाबूजींनी बॉबीला हरविले, असे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी छापले. मार्च महिन्यात मतपेट्यांनी तेच अधिक विस्ताराने सांगितले.

‘बॉबी’ हा काही एकटादुकटा प्रयोग नव्हता. किशोरकुमार यांनी सरकारच्या प्रचाराच्या कार्यक्रमात सहकार्य करण्यास नकार दिला तेव्हा मे 1976 पासून त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. सुरांना शिक्षा देण्याचा हा प्रकार पुढे शहा आयोगापुढे आला. अमृत नाहटा यांचा ‘किस्सा कुर्सी का’ हा चित्रपट तर प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याआधीच जप्त झाला आणि नष्ट करण्यात आला. तो पुन्हा चित्रित करावा लागला. म्हणजे जे गात नव्हते त्यांना गप्प करावयाचे, जे हसवीत होते त्यांना जाळावयाचे आणि जे निरुपद्रवी वाटत होते त्याचा पडदा म्हणून उपयोग करावयाचा, असे ते त्रिविध धोरण होते. संस्कृती म्हणजे घरातला नळ, चावी आपल्या हाती आहे, अशी राज्यकर्त्यांची समजूत होती.

हा नळ लोकांच्या उपयोगी पडू शकत नव्हता असे मात्र नाही. ज्या वर्षी आणीबाणी आली त्याच वर्षी, 1 ऑगस्ट 1975 रोजी, उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा एक मोठा प्रयोग भारतात सुरू झाला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत सार्वजनिक संच बसविण्यात आले. शेती, आरोग्य, शिक्षण यांवरचे कार्यक्रम गावकरी एकत्र बसून पाहत. संच कोणा एका घरचा नव्हता, गावाचा होता. मालकीचा प्रश्न किती व्यावहारिक असतो याचा धडाही याच प्रयोगाने दिला. उपग्रह अमेरिकेचा होता. ठरलेले वर्ष 31 जुलै 1976 रोजी संपले आणि ज्याचा उपग्रह होता त्याने तो हलविला. खेड्यांतले संच जागच्या जागी राहिले, आकाशातला धनी मात्र निघून गेला. आपल्या सर्व पत्रव्यवहाराचे, छायाचित्रांचे आणि संघटनेच्या यादीचे बिऱ्हाड आज परदेशी कंपन्यांच्या ओसरीवर मांडणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

पुढच्या दशकात नळ तोच राहिला, पाणी बदलले. 1982 साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि त्या निमित्ताने दूरदर्शनला रंग आले. ज्या देशात पिण्याचे पाणी रंगहीन मिळण्याची शाश्वती नव्हती तेथे चित्र रंगीत होण्याची घाई का झाली, असा प्रश्न त्या वेळी काहींनी विचारला होता. 1984 च्या जुलैमध्ये ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. करमणुकीतून कुटुंबनियोजनाचा प्रसार करावा ही कल्पना मेक्सिकोतून आलेली होती. पहिल्या काही भागांत उपदेश फार झाला, प्रेक्षक कंटाळले, उपदेश कमी करण्यात आला आणि मालिका लोकप्रिय झाली. मध्यमवर्गीय कुटुंबाची दुःखे पाहत देश हळहळला. मालिकेचे प्रायोजक होते दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांचे उत्पादक. कुटुंबे लहान झाली की नाही हा वादाचा विषय राहिला. शेवया मात्र घरोघरी पोहोचल्या.

हा विनोद अर्थशास्त्राच्या भाषेत सांगितला तर असा होतो की, सरकारने समजुतीने प्रेक्षक जमविले आणि बाजाराने ते विकत घेतले. कार्यक्रम हा माल नव्हता. प्रेक्षक हा माल होता. अर्थतज्ज्ञ पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली 1982 साली नेमलेल्या अभ्यासगटाने दूरदर्शनला भारतीय व्यक्तिमत्त्व हवे, असा आग्रह धरला होता. यंत्र बाहेरून आणता येते, पण ते यंत्र काय बोलणार हे ठरविले नाही तर यंत्र विकणाराच ते ठरवितो, हा त्या आग्रहामागचा विचार होता. अहवालाचा सन्मान झाला आणि तो कपाटात गेला. सरकारी अहवालांच्या आयुष्यात याहून वेगळा योग क्वचितच असतो.

मग 25 जानेवारी 1987 रोजी ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवार सकाळचे रस्ते ओस पडू लागले. सरकारला 1977 साली जे साधले नव्हते ते दहा वर्षांनी रामानंद सागर यांनी साधून दाखविले. कोठे कोठे संचाला हार घातले जात, उदबत्ती लावली जात. लाकडी खोक्याला देवत्व आले की त्या खोक्यातून बोलणाऱ्यालाही ते येते, हे राजकारण्यांनी तत्काळ हेरले. परंतु त्याचा पुढचा हिशेब मोठा गमतीचा आहे. 1988 साली अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत रामाची भूमिका करणारे अरुण गोविल काँग्रेसच्या प्रचारास गेले. निवडून आले ते विश्वनाथ प्रताप सिंह. 1991 साली सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून, दोघेही भारतीय जनता पक्षाच्या तिकिटावर, लोकसभेत गेले. लंकेत जे जमले नाही ते संसदेच्या बाकांवर जमले. ‘महाभारता’तील श्रीकृष्ण नितीश भारद्वाज 1996 साली जमशेदपूरहून निवडून आले. आणि 1988 साली दुसऱ्यासाठी मते मागून अपयशी ठरलेले गोविल 2024 साली मेरठमधून भारतीय जनता पक्षाचे खासदार झाले. चौदा वर्षांचा वनवास पुराणात पुरेसा होता. राजकारणात छत्तीस वर्षे लागली.

या सर्व काळाविषयी आता हळवेपणाने बोलण्याची रीत पडली आहे. एकच वाहिनी होती, सारे घर एकत्र बसत असे, शेजारी येत असत, अशा आठवणी निघतात. त्या खोट्या नाहीत, परंतु त्यांत एक गोष्ट निसटते. त्या एका वाहिनीवर विरोधकाला जागा नव्हती. वर्गीज समितीने 1978 साली स्वायत्ततेची शिफारस केली. प्रसारभारतीचा कायदा होण्यास 1990 साल उजाडले आणि तो अमलात येण्यास 1997. दरम्यान 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निर्णय दिला. तत्त्व उत्तम होते. पण सार्वजनिक म्हणजे सरकारी नव्हे एवढेच वाक्य देशाने ऐकले. सार्वजनिक म्हणजे खासगीही नव्हे, हे त्याचे उत्तरार्ध ऐकावयाचे राहून गेले.

आज पडदा भिंतीवरून खिशात आला आहे. 2016 नंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की, चहाच्या टपरीवर उधारी ठेवणारा माणूसही दिवसभर चित्रफिती पाहू शकतो. यात वाईट काही नाही. शेतमजुराच्या मुलीला परीक्षेचा धडा त्याच पडद्यावर सापडतो, ऊसतोडणीस गेलेल्या बापाला घरचे तोंड त्याच पडद्यावर दिसते. तंत्रज्ञानाला नाक मुरडणे हा पोट भरलेल्यांचा छंद आहे आणि चळवळीने तो जोपासण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. जे जवळजवळ फुकट मिळते त्याची किंमत कोण देते? हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने 1971 साली दाखवून दिले होते की, माहितीची सुबत्ता झाली की अवधानाची टंचाई होते. टंचाई आली की बाजार आला आणि बाजार आला की साठेबाज आला. आजचा साठेबाज धान्य कोंडून ठेवीत नाही. तो माणसाची संध्याकाळ कोंडून ठेवतो आणि जाहिरातदाराला सुट्या मिनिटांच्या भावाने विकतो. जाहिरातदार साबणाचा असो वा उमेदवाराचा, दुकानदारास दोन्ही गिऱ्हाइके सारखीच.

आणि येथेच 1977 आणि आज यांतला खरा फरक आहे. ‘बॉबी’ हे आमिष होते, पण ते सर्वांना एकाच वेळी, एकाच पडद्यावर दाखविलेले आमिष होते. म्हणूनच ते आमिष आहे हे सर्वांना एकाच वेळी कळले. शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारले, हा चित्रपट आजच का? प्रश्न गल्लीत फिरला आणि गल्ली मैदानाकडे निघाली. आजची व्यवस्था प्रत्येकाला त्याची स्वतःची बॉबी देते. एकाच घरात बापाच्या पडद्यावर एक देश असतो, मुलाच्या पडद्यावर दुसरा आणि सुनेच्या पडद्यावर तिसरा. शेजाऱ्याला काय दाखविले जात आहे हे शेजाऱ्यास ठाऊक नसते. ज्या आमिषाची सार्वजनिक ओळखच पटत नाही त्याला सार्वजनिक नकार द्यावयाचा कसा? सत्तेला आता मैदान ओस पाडण्याची गरज उरलेली नाही. मैदानावर आलेला माणूसही एकटाच राहील एवढी व्यवस्था झालेली आहे.

हा एकटेपणा किती घातक ठरू शकतो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसे मुले पळविणारी टोळी असल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्यांना ज्या ठिकाणी कोंडून मारले ते ग्रामपंचायतीचे कार्यालय होते, हे विशेष ध्यानात ठेवावे. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागे करण्यासाठी, तयार केलेली होती. शेवटचा खुलासा कापून टाकला आणि उरलेल्या तुकड्याने माणसे मारली. राईनपाड्याच्या जमावातील लोक एकत्र आले होते, परंतु एकमेकांशी बोलून नव्हे. प्रत्येकजण स्वतंत्रपणे भ्यालेला होता. सभा आणि जमाव यांतला फरक हाच आहे. सभेत माणूस शंका घेऊन येतो आणि विचारून घेतो. जमावात तो खात्री घेऊन येतो. त्यानंतर त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांहून अधिक पुढे पाठविता येणार नाही, अशी मर्यादा घातली. पाच माणसांच्या मृत्यूनंतर आलेला हा पाचाचा आकडा योगायोगाचा असेल. पण यंत्राच्या मालकाला मर्यादा घालता येत होती आणि ती आधी घातली गेली नव्हती, हे त्यातून सिद्ध झाले.

अशा घटना दाखवून सरकार म्हणते की, मग खरेखोटे आम्हीच ठरवितो. 2023 साली केंद्राने नियमांत तशी दुरुस्ती केली. सरकारी कारभाराविषयी काय खोटे हे सरकारच्याच पथकाने सांगावयाचे होते. विनोदी कलावंत कुणाल कामरा आणि इतर न्यायालयात गेले आणि सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. फिर्यादीनेच न्यायाधीश व्हावे ही हौस जुनीच आहे. 1976 साली ती सुरांपुरती होती, आता सत्यापर्यंत वाढली. पुढे मार्च 2025 मध्ये कामरा यांनी एका चित्रपटगीताच्या चालीवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबन केले तेव्हा मुंबईत खार येथील ज्या सभागृहात ते चित्रित झाले होते तेथे शिंदे यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली. गाणे इंटरनेटवर होते, मार खाल्ला खुर्च्यांनी. दुसऱ्याच दिवशी महानगरपालिकेला त्या जागेतील बांधकाम आक्षेपार्ह असल्याचा साक्षात्कार झाला आणि हातोडे घेऊन पथक आले. विडंबन मात्र त्या गडबडीत कितीतरी अधिक लोकांनी पाहिले. किशोरकुमारांच्या वेळी बंदी घालणारे निदान परिणामकारक तरी होते.

तेव्हा दोन्ही वाटा बंद आहेत. सरकारी नळाकडे परत जाता येत नाही आणि खासगी पडद्याच्या स्वाधीनही होता येत नाही. मग करावयाचे काय? काही मागण्या सरळ आहेत. उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा आहे; मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी ती 2022 पासून 95 लाख रुपये आहे. समाजमाध्यमांवरील खर्च उमेदवाराने हिशेबात दाखवावा असे निवडणूक आयोगाने 2013 सालीच सांगितले आहे. परंतु पक्षाच्या खर्चावर मर्यादाच नाही. समोरचे दार कुलूपबंद करावयाचे आणि मागची भिंतच बांधावयाची नाही, असा हा बंदोबस्त आहे. पक्षांच्या खर्चाला मर्यादा, कोणती राजकीय जाहिरात कोणत्या वर्गाला दाखविली याची जाहीर नोंद आणि खासगी माहिती विकण्यावर कडक निर्बंध, एवढे तरी मागितलेच पाहिजे.

पण मागण्यांनी काम भागत नाही. काही काम स्वतःला करावे लागते. या महाराष्ट्रात चळवळींनी लोकरंजनाला कधी परके मानले नव्हते. अण्णा भाऊ साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लालबावटा कलापथकाने कामगारवस्त्यांत तमाशाचे रूप बदलून टाकले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापटांनी गाणी रचली, पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले, निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखे नट तेथे घडले. ही मंडळी लोकांना हसवीत होती, पण हसताना शेजारी कोण बसला आहे हे लोकांना दिसत होते. हसणे सार्वजनिक होते म्हणून त्यातून धैर्य येत होते. आजच्या कार्यकर्त्याजवळ त्याहून सामर्थ्यवान साधन आहे आणि त्याचा उपयोग तो सकाळी सूर्योदयाचे चित्र, दुपारी वाढदिवसाची शुभेच्छा आणि रात्री दुसऱ्याने पाठविलेला मजकूर तिसऱ्यास पाठविण्यासाठी करतो. मोर्चात दहा पावले चालावयाची आणि अकराव्या पावलाला स्वतःचे छायाचित्र काढावयाचे, याला लोकसंग्रह म्हणत नाहीत.

मोबाइल टाकून द्या, असा येथे सल्ला नाही. त्याला सभेचे आमंत्रण करू द्या, सभेची जागा घेऊ देऊ नका. आलेला मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी कोणी, केव्हा, कोठे हे तीन प्रश्न विचारा. वाचनालय, मंडळाची खोली, देवळाचा पार, जेथे जमेल तेथे आठवड्यातून एकदा माणसे जमवा आणि प्रत्येकाच्या पडद्यावर त्या आठवड्यात काय आले ते सर्वांना मोठ्याने सांगावयास लावा. या साध्या कृतीने प्रत्येकाची खासगी बॉबी चव्हाट्यावर येईल आणि हे आमिष आजच का, हा 1977 सालचा प्रश्न पुन्हा एकमेकांना विचारता येईल.

त्या रविवारी रामलीला मैदानावर गेलेल्यांपैकी अनेकांच्या घरी दूरदर्शन संच नव्हताच, हेही खरे आहे. पण ज्यांच्या घरी तो होता त्यांच्यापैकीही काही जणांनी उठून तो बंद केला, चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. लोकशाहीचे रक्षण करणाऱ्या यंत्रांत त्या चपलांचा क्रमांक अजूनही पहिला आहे.